भारद्वाजाला मारलेला खराटा

बीटी कपाशीचं बियाणं आमच्या घरात पहिल्यांदा आलं, तेव्हा मी तिशीची, दोन लेकरांची आई आणि अकलेनं त्या दोघांपेक्षा लहान. दारातल्या डाळिंबाला शिंजिरांनी घरटं टांगलं होतं. अंगठ्याएवढी पाखरं आणि कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेली ती लोंबती पिशवी. मी कौतुकानं बशीत साखरपाणी ठेवलं, ते मुंग्यांनी संपवलं. नर-मादी फुलांतला रस पीत, पण पिलांना कोळी मारून आणत. पाय झाडणारा कोळी पिलाच्या घशात कोंबलेला पाहिला की मी तोंडाला पदर लावायची. मोठी नाजूक बाई!

लागवडीच्या सकाळी डाळिंबावर भारद्वाज उतरला. कावळ्याएवढा, विटकरी पंखांचा, लाल डोळ्यांचा. सासूबाई हरखल्या. "सगुन आला! हात जोडा. कोनी हाकलू नका त्याले." बियाण्याची पिशवी मध्ये ठेवून सगळे हात जोडून उभे. मी तर डोळेही मिटले आणि नारळाएवढी बोंडं मागितली.

डोळे उघडले तर त्यानं घरटं पायाखाली दाबून फाडलं होतं. एक पिलू ओढलं, फांदीवर आपटलं, गिळलं. नर किंचाळत त्याच्या डोळ्यांवर झेपावत होता. दुसरं पिलू ओढताना रक्ताचे थेंब खालच्या पानांवर उडाले. आणि माझे हात? जोडलेलेच! अशी गुणी सून शोधून सापडली नसती.

तिसऱ्यासाठी चोच आत गेली, तेव्हा मी खराटा उचलून फेकला. बरोबर मानेवर बसला. भारद्वाज धडपडत कुंपणापलीकडे पडला आणि लंगडत काट्यांत शिरला. सासूबाईंनी माझ्या पाठीत धपाटा घातला.

"सगुनाले मारलं! काऊन मारलं वं?"

"मंग तिसरंबी खाऊ देऊ काय?"

पुढं बोंडांत अळी पडली, तर तीही माझ्याच नावावर गेली. अळी अख्ख्या शिवारात होती. एवढ्या लांब खराटा फेकणारा हात आमच्या खानदानात दुसऱ्या कुणाचा नव्हता, हे मात्र कुणी बोललं नाही.

त्या सकाळी धनी एकटेच वावरात गेले. मी स्टुलावर चढून फाटलेलं घरटं दाभणानं शिवायला लागले. आत एकच पिलू, मानेवर जखम, चोच मिटलेली. नराला मीही भारद्वाजच वाटले. कानाजवळून सपकन गेला, दुसऱ्या फेरीत कपाळावर टोच. मी शिव्या दिल्या, पण टाका सोडला नाही.

खाली उतरले तशी मादी आली. चोचीत कोळी. पिलू हलेना. तिनं चोच लावली, थांबली, पुन्हा लावली. मी कपाळ पुसायला हात वर केला, तर सासूबाईंनी मागून मनगट धरलं.

"हालू नको वं," त्या पुटपुटल्या. "तोंड उघडून राह्यलं."