ढोलकी फुकट मिळणार नाही

काळाचौकीच्या मेघना परबला ढोलकी वडिलांनी शिकवली. गिरणी बंद पडली तरी राजाराम परबांची भजनाची बारी थांबली नाही, आणि मुलीच्या जातीने ढोलकीवर बसू नये असं म्हणणाऱ्यांना त्यांनी दारातूनच वाटेला लावलं. तो ताठा मेघनाने जसाच्या तसा उचलला.

परळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने तिला वाजवायला बोलावलं. तिची एकेक थाप वेगळी रेकॉर्ड झाली. आता कुणीही कॉम्प्युटरला जोडलेल्या कीबोर्डची पट्टी दाबली, की मेघनाची थाप उमटणार होती. तिला भारी अप्रूप वाटलं. मग रेकॉर्डिंग करणाऱ्या पुष्करने तिला जाहिरात पाठवली : ‘गिटार आणि पियानोच्या आवाजांचा संच घ्या, ढोलकी फुकट!’

दुसऱ्या दिवशी ती थेट कंपनीच्या अभय सरांसमोर उभी राहिली.

“मला ढोलकी विकत हवीये. किती?”

अभय हसले. “सुटी नाही मिळत, मॅडम. संचातच येते.”

“म्हणजे माझीच ढोलकी घ्यायला मी आधी गिटारी घ्यायच्या?”

“अहो, नुसती ढोलकी कोण घेणार? फुकट दिली की निदान लोकांपर्यंत पोचते.”

“चण्याबरोबर पुडीचा कागदही पोचतो, सर. ढोलकीला स्वतःची किंमत लावा. तोवर रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या भागासाठी मी वाजवणार नाही.”

“दुसरे वाजवणारे मिळतील.”

“मिळतील. त्यांनाही आधी सांगा, फुकट वाटणार म्हणून.”

घरी आई, सुभद्रा, कपाळाला हात लावून बसली. “गो, मोठ्या माणसांशी वाकडा कित्याक घेतलंस?”

“मी नाय घेतलंय. त्येंनी घेतला.”

झालं ते सोपं नव्हतं. बातमी फिरली, स्टुडिओंची बोलावणी आटली. मेघना लग्नांत, बारशांत वाजवत राहिली. सुट्टीच्या दिवशी पुष्कर स्वतःचे माईक घेऊन यायचा. खिडकीला गोधड्या लावून, खालच्या काकूंना मिक्सर बंद ठेवायला सांगून, दोघांनी ढोलकी पहिल्यापासून रेकॉर्ड केली. मग ती इंटरनेटवर विकायला ठेवली : सोबत काही नाही, नुसती ढोलकी, आणि खाली तिची किंमत. पहिलं गिऱ्हाईक सावंतवाडीचं, एक भजनी बुवा. मग कोल्हापूरचा एक कीबोर्डवाला. हळूहळू माणसं येत गेली. गर्दी अशी कधीच झाली नाही.

यंदा गणपतीच्या तोंडावर अभयचा फोन आला. आवाज मऊ. “उत्सवाचा संच काढतोय. तुमची ढोलकी त्यात घेऊ. वर तुमचं नाव, मोठ्या अक्षरांत.”

“सुटी विकणार?”

“संचातच बरी दिसेल हो.”

“मग राहू दे,” मेघना म्हणाली. “ज्याला ढोलकी हवी, त्याने ढोलकी मागावी.”

फोन ठेवून तिने पुष्करला सांगितलं, “किंमत वाढव.”

“अगं, आत्ता? गिऱ्हाईक तुटेल.”

“तुटू दे. वाढव.”

त्याने वाढवली.