रोडग्यांच्या ताटातली कमल

जळगाव जामोदच्या आमच्या भाड्याच्या घरात एका रविवारी हे स्टुलावर चढून रोडग्यांच्या ताटाचा फोटो काढत होते, आणि मी खाली स्टूल धरून उभी होते… तिथपासून सांगते.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि आमचं लग्नही तसंच नवं. हे तिथल्या हायस्कूलला सायन्स शिकवायचे. माझ्या भावाने लग्नात एक बॉक्स कॅमेरा दिला होता, आणि आमचे सगळे रविवार त्याच्यातच जायचे.

मला माणसांचे चेहरे काढायला आवडायचे, यांना जेवण. रीळ बारा फोटोंचं… म्हणून सहा माझे, सहा यांचे अशी वाटणी. त्या कॅमेऱ्यात जवळचं सगळं धूसर यायचं, त्यामुळे ताट जमिनीवर आणि हे स्टुलावर. मास्तर जेवायच्या आधी स्टुलावर काऊन चढतात, असं गल्लीतल्या बायका मला अगदी काळजीने विचारायच्या.

त्या दिवशीचे रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, यांनीच अंगणात गोवऱ्यांवर भाजले होते. ताटात गोल रचून, मधे वांग्याची भाजी. फोटो झाला, मग जेवणं झाली.

दुपारी शेजारचे शामराव त्यांच्या कमलला घेऊन आले. जानेफळचं एक चांगलं स्थळ होतं, पण जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणून तिकडच्यांनी आधी फोटो मागवला होता. कमलचा स्टुडिओतला फोटो असा आला होता, की जणू पोरगी नुकतीच चोरी करताना सापडलीय. त्यावरून दोन ठिकाणांहून नकारही आला होता, आणि शामराव मनातून खचले होते.

आमच्या दाराच्या अंधारासमोर मी खुर्ची मांडली. कमलशी इकडचं तिकडचं बोलत राहिले, आणि ती जरा हसली तेव्हा खटका दाबला. रिळातला शेवटचा फोटो, असं मी धरून चालले होते… पण एक शिल्लक निघाला. आम्ही दोघं खूश! त्यात शेजारची शेळी काढून टाकली.

तो एक फोटो शिल्लक कसा राहिला, हा विचार काही आमच्या डोक्यात आला नाही. त्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोनंतर चावी फिरवून रीळ पुढे सरकवावं लागे. विसरलं, तर आधीच्याच फोटोवर दुसरा फोटो बसायचा. त्या दिवशी चावी फिरवायची कोणाकडून राहिली, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही.

शामराव कापूस घेऊन खामगावला जायचे. रीळ धुवायला त्यांनीच नेलं आणि फोटोही त्यांनीच आणले. कमलच्या फोटोची एक प्रत तर त्यांनी खामगावहूनच जानेफळला रवाना केली, आणि दुसरी मोठ्या अभिमानाने आमच्यापुढे ठेवली.

कमल सुंदर आली होती. आणि तिच्या डोक्यामागे, देवीच्या तसबिरीत प्रभावळ असते ना, तसं आमचं अख्खं ताट! सगळीकडून रोडगे… आणि कानापाशी वांग्याचं देठ, डूल घातल्यासारखं.

शामरावांना वाटलं, मास्तरांनी मुद्दाम कलाकुसर केलीय. हे त्यांना फिल्म आणि प्रकाश समजावून सांगायला लागले. अर्धं झाल्यावर ही चूक आहे हे शामरावांच्या लक्षात आलं, आणि ते भिंतीला टेकून खालीच बसले. आता तिसरा नकार, असंच ते म्हणत राहिले. मला तर त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

पण जानेफळहून निरोप आला, की आम्ही मुलगी बघायला येतो.

आम्हालाही बोलावणं होतं. मुलाची आई, मुलगा आणि त्याचे काका आले. चहा झाला तसा मुलाच्या आईने पिशवीतून तो फोटो काढला, कमलकडे एकदा पाहिलं, फोटोकडे एकदा पाहिलं.

"पोरीसंगं जेवण धाडणारे तुम्हीच पह्यले," त्या म्हणाल्या. मग कमलला विचारलं, "हे रोडगे तूच केले ना?"

एका 'हो'चा प्रश्न होता. शामराव डोळ्यांनी पोरीला विनवत होते. खरं सांगायचं तर मीही मनातल्या मनात 'हो म्हण, हो म्हण' असंच करत होते…

कमलने पदर सारखा केला आणि मान वर केली. "नाही. मले रोडगे येत नाहीत. थे मास्तरांनी केले होते."

सगळे यांच्याकडे बघायला लागले. हे सतरंजीकडे.

मुलगा आईकडे वळून हळूच म्हणाला, "मले येतात. वावरात आम्हीच तर करतो."

त्याची आई आधी त्याच्याकडे बघत राहिली आणि मग जी हसत सुटली, की हातातला फोटो खाली पडला. काका हसले, शामराव हसता हसता डोळे पुसायला लागले. त्याच बैठकीत लग्न ठरलं.

पुढे आम्ही खूप फोटो काढले, दोघांनी मिळून. पण 'नाही' म्हणतानाचा कमलचा चेहरा माझ्याकडे नाही. कॅमेरा यांच्या गळ्यात होता, त्यात कोरं रीळ होतं, खोलीत उजेड होता… आणि आम्ही दोघंही नुसते बघत बसलो.

आता ती गोष्ट सांगायला घेतली, की तिने मान कशी वर केली ते हे शेजारून बरोब्बर करून दाखवतात. जे मी पाहिलं तेच पाहिलेलं आणखी एक माणूस घरात आहे… या वयात त्याचं फार बरं वाटतं.