कोबा की शहाबादी

घोडपदेवला आमच्या चाळीच्या तीन इमारती होत्या आणि त्यांच्या मधोमध मातीचं अंगण. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. आठवड्यातून एकदा तरी आमच्या अंगणात सभा भरायची आणि माणसं मिळेल त्या गोणपाटावर बसायची. पावसाळ्यात तिथे घोटाभर चिखल व्हायचा. शेवटी चाळीच्या कमिटीने ठरवलं की अंगण पक्कं करायचं. कसं करायचं, यावर मात्र दोन तट पडले: एक कोब्याचा, दुसरा शहाबादी फरशीचा.

माझे वडील गिरणीत विणकर होते. त्यांचं मत कोब्याला. सिमेंट, खडी आणि वाळू कालवून ओतायची, वरून घोटायची, की सांधा नाही, फट नाही, झाडू एका हाताने फिरवावा. गिरणीच्या आवारात त्यांनी तसा कोबा पाहिला होता आणि तो त्यांच्या मनात भरला होता. कमिटीचे सेक्रेटरीही त्यांच्या बाजूने होते, पण त्यांचं कारण निराळं होतं. दिवस मोर्चांचे आणि दगडफेकीचे होते. सुट्ट्या फरश्या अंगणात आल्या तर पोलीस म्हणतील, चाळीने दगड जमवलेत.

बैठकीला बायका मागे भिंतीशी बसायच्या. त्यांच्यातून टोकाच्या खोलीतल्या मावशी उभ्या राहिल्या. आदल्याच वर्षी त्यांच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला होता. त्या बांधकामावर जायच्या. सुरुवातीला घमेली वाहिली, मग गवंड्यांच्या हाताखाली बघून बघून फरशी बसवायला शिकल्या. हे आम्हां मुलींना ठाऊक होतं. कमिटीतल्या पुरुषांनी कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी एकच विचारलं, "नळाचा पाइप कुठून जातो?"

एकाने पहिल्या इमारतीकडे बोट केलं, दुसऱ्याने तिसऱ्या. मग त्यांनीच दाखवलं, फाटकापासून थेट अंगणाच्या पोटातून. पाइप जुना, दर दोन वर्षांनी फुटणारा. कोबा केला की तो फोडायचा आणि वर ठिगळ लावायचं; चार वर्षांत नुसती ठिगळंच उरतील. वाळूवर शहाबादी बसवली तर तेवढ्याच फरश्या उचलायच्या, काम करायचं आणि परत ठेवायच्या. दगडफेकीचं म्हणाल तर, त्या म्हणाल्या, अशी एक फरशी हलवायलाच दोन माणसं लागतात, फेकायची बात सोडाच.

वडिलांना कुणी खोडून काढलेलं खपत नसे. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहार घेतली आणि मावशींनी दाखवलेल्या रेषेवर स्वतः खणून पाहिलं. हातभर खोलीवर पाइप लागला, त्याच्याभोवतीची माती ओली होती. वडिलांनी पहार खाली ठेवली. मग मावशींकडे वळून मालवणीत म्हणाले, "बाई, तुमचा बराबर आसा."

फरश्या हातगाडीवरून आल्या आणि भिंतीला टेकवून ठेवल्या. दोनच दिवसांनी हरताळ पडला आणि पोलिसांची गाडी आमच्या फाटकाशी थांबली. इन्स्पेक्टरने फरश्यांकडे बोट दाखवून विचारलं, हे कशाला जमवलंय? मावशी पदर खोचून पुढे झाल्या. म्हणाल्या, "साहेब, तुमच्या माणसाला एक उचलायला सांगा."

हवालदाराने दोन्ही हात घातले. फरशी गुडघ्यापर्यंत आली आणि त्याने ती हळूच खाली टेकवली. इन्स्पेक्टर हसला नाही, पण त्याने वही मिटली. जाताना हवालदार मावशींना खाली वाळू किती घालायची ते विचारत होता; गावी त्याच्या घरापुढेही चिखलच होता.

काम चार रविवार चाललं. मावशी उकिडव्या बसून फरशी बसवायच्या आणि माझे वडील, जे घरात पाण्याचा तांब्याही स्वतः घेत नसत, डोक्यावरून वाळूची घमेली आणून द्यायचे. मी पाण्याने भरलेली थाळी धरून मावशींच्या बाजूला. थाळी फरशीवर ठेवायची आणि पाणी कुठल्या काठाकडे झुकतं ते बघायचं. ते गटाराकडे झुकलं पाहिजे, पण जेमतेम. मग लाकडी दांड्याने ठोकून त्या कान देत. आवाज पोकळ आला की पहार घालून फरशी पुन्हा उचलायची. आमच्या दारासमोरची एक त्यांनी तीनदा उचलली. वडील म्हणाले, राहू द्या आता, कुणाच्या पायाला कळणार आहे?

"पायाला नाही कळत, पाण्याला कळतं," मावशी म्हणाल्या आणि ती चौथ्यांदा उचलली.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. हाताने काम करणारी माणसं आमच्या आजूबाजूला शेकड्याने होती, पण कामापुढे स्वतःच्या थकव्याला इतकी कमी किंमत देणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.

पुढच्या पावसाळ्यात पाइप फुटला. सकाळी पाच फरश्या निघाल्या आणि संध्याकाळच्या सभेआधी जागेवर बसल्या. वक्ते बोलू लागले तेव्हा सगळे कोरड्या जमिनीवर बसले होते.

त्यानंतर लालबागच्या एका चाळीला अंगण करायचं होतं. तिथले लोक वडिलांच्या ओळखीचे. वडील मावशींना घेऊन गेले आणि मीही बरोबर गेले. तिथल्या कमिटीने विचारलं, गवंडी कुठेय? वडिलांनी मावशींना पुढे केलं. "ह्या आमच्या मिस्त्री," ते म्हणाले आणि स्वतः दोन पावलं मागे उभे राहिले.

मावशींनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "नळ कुठे आहे?"