मुडलीची माती

आप्पांशी मी शेवटचं बोलले ते ओरडून.

आज वर्ष झालं. सकाळपासून लॅबमध्ये नुसत्या येरझाऱ्या घालतेय. एका जागी बसवत नाही.

पीएचडीचं तिसरं वर्ष होतं. विषय, मुडलीच्या, म्हणजे आमच्याकडच्या अळूच्या जातीच्या कंदाच्या, मुळांना चिकटलेल्या मातीतले बॅक्टेरिया. गावी वडिलांना फोन करून म्हटलं, "आप्पा, मुडलीचे पाच कंद खणून लगेच पाठवा. माझं काम अडलंय."

आमच्या दिग्गी गावात कुणाला कंद द्यायचे तर घासून धुऊन, मुळ्या खुडून देतात. तशी रीतच आहे.

पार्सल उघडलं. कंद लखलखीत. मातीचा कण नाही.

गाइड एवढंच म्हणाले, "सीझन संपला. आता पुढच्या वर्षी."

माझं डोकं सणकलं. तिथूनच फोन लावला.

"माती कुठंय आप्पा? कुणी सांगितलं होतं धुवायला?"

"शिकल्याली मान्सं बघनार न्हवं, बाय. चिखलाचं कसं धाडू?" मग म्हणाले, "चुकलं माजं."

मी फोन कट केला.

नवव्या दिवशी आप्पा गेले. शेतातच, छातीत कळ येऊन.

घरी पोचले तेव्हा आई म्हणाली, "तुजा फोन आल्यापास्नं चैन न्हवती त्येस्नी. बाजारकुणंग गावाला कुनाच्या परड्यात मुडली ऱ्हायलीया म्हनून चालत गेल्ते."

पडवीत केळीच्या पानात बांधलेले पाच कंद होते. ढेकळांसकट. आप्पांनी आईलाही हात लावू दिला नव्हता.

त्या मातीवर माझं काम उभं राहिलं. पेपर आला, अभिनंदनाचे मेसेज आले. मला त्यातलं काही गोड लागलं नाही.

कारण माझ्या लॅब नोटबुकात पहिल्या पार्सलपुढे लिहिलंय, "सॅम्पल बाद. कारण: गोळा करणाऱ्याची चूक." खाली माझी सही.

आणि माती हवी, हे मी आप्पांना सांगितलंच नव्हतं. "कंद पाठवा," एवढंच म्हणाले होते. तीन वर्षं मातीवर काम करणारी मी. चूक मात्र त्यांनी अंगावर घेतली.

लॅबचा नियम आहे, लिहिलेलं पुसायचं नाही. एक सरळ रेघ मारायची. शेजारी दुरुस्ती, सही, तारीख.

आज रेघ मारली. शेजारी लिहिलं, "चूक माझी. नीट सांगितलं नव्हतं."

गाइडनी वाचलं. "आता याने रिझल्टमध्ये काय फरक पडणार?"

"काही नाही सर," म्हटलं.

आप्पा, हे तुमच्या कानावर पडायला हवं होतं. तुम्ही चुकला नव्हता.

वाकून नमस्कार.