संदेश निरंक

माझ्या भावाने अमेरिकेहून आईसाठी हवामानाचा रेडिओ पाठवला. वादळबिदळ येणार असेल तर तो आपणहून भोंगा वाजवतो म्हणे. आम्ही राहतो न्यूझीलंडमध्ये, हेन्डरसनला, ओढ्याच्या कडेला. पहिल्याच आठवड्यात मला कळलं की त्या रेडिओला लागणारी प्रक्षेपण केंद्रं इथे नाहीतच. इथे इशारा येतो मोबाइलवर. म्हणजे यंत्र नुसतं शोभेचं. आईला हे सांगायचं राहून गेलं, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मी सांगितलं नाही.

कारण तोवर ती कामाला लागली होती. आईची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, पूर नियंत्रण कक्षात गेली. धरणावरून बिनतारी संदेश आला की वेळ टाकून वहीत उतरवायचा आणि पुढे कळवायचा. काही आलं नाही तर 'निरंक' लिहायचं. इथे आल्यापासून वर्षभर ती खिडकीशी बसून होती. आता तिने एक वही आणली, रेघा मारल्या आणि दर तीन तासांनी लिहू लागली. सकाळी नऊ, संदेश निरंक. दुपारी बारा, संदेश निरंक. तिच्या आवाजाला पुन्हा धार आली. मी तोंडात मूग गिळून बसले.

त्या दुपारी मी फार्मसीत कामावर होते. एकाएकी सगळ्यांचे फोन किंचाळले. अतिवृष्टी, ओढ्यांना पूर. पाणी वाढताना दिसलं तर सूचनेची वाट न पाहता उंचावर जा. मी चक्रावले. सूचनेची वाट पाहू नका, हीच सूचना! मग निघायचं हे ठरवायचं कोणी? सकाळी नुसता 'वॉच' होता, आता 'वॉर्निंग' झाली होती. त्यातला फरक मला आजही धड सांगता येत नाही.

आईकडे फोन नाही, फक्त टॅब्लेट. त्यावर व्हिडिओ कॉल लावला.

"आई, ओढा कुठवर आलाय?"

"कुंपणाला लागलाय. पण अजून संदेश नाही."

"तू वरच्या शेजारणीकडे जा. आत्ताच्या आत्ता."

"अगं, संदेश आल्याशिवाय जागा सोडायची नसते. किती क्युसेक सोडलंय ते तरी कळू दे."

"कोणी काही सोडलेलं नाही, आई! हीप्स, धो धो पाऊस पडतोय नुसता. माझ्या मोबाइलवर अलर्ट आलाय."

"मोबाइलवर काय, वाट्टेल ते येतं. सेट वाजलेला नाही."

मला तिचा संताप आला, आणि त्याहून जास्त माझा. रस्ता बंद झाला होता, मी पोचू शकत नव्हते. तिची खोली खालच्या मजल्यावर.

"आई, तो सेट इथे चालत नाही. पहिल्या दिवसापासून चालत नाही. घर वाहून गेलं तरी तो वाजणार नाही."

पडद्यावर ती हलेचना. मला वाटलं नेट गेलं. मग "बरं" म्हणाली आणि चपला शोधायला उठली.

पुढच्या तासाभरात तिच्या खोलीत पाणी शिरलं, पलंगाच्या गादीपर्यंत चढलं. मी पोचले तेव्हा ती शेजारणीच्या सोफ्यावर पांघरूण घेऊन बसली होती, कोरडी, धडधाकट. मला रडू आलं. शेजारीण "शी इज स्वीट अ‍ॅज", म्हणजे अगदी ठीक आहे, असं म्हणत चहा टाकायला आत गेली, तेव्हा आईने विचारलं, "एक सांग. तू रोज कामावरून येऊन वहीत खाली सही करायचीस. ती कशाची?"

तुला बरं वाटावं म्हणून, हे ओठांवर आलं होतं. भातुकलीतला चहा मोठी माणसं खोटा खोटा पितात, तसं मी माझ्या आईशी इतके महिने वागत होते, आणि तिला ते कळलं होतं.