घरचा देव

बाबा आता बरे आहेत. पण भिलाईच्या दवाखान्यातले ते दिवस आठवले, की समोरच्या खाटेजवळ बसलेली बाई डोळ्यांपुढे येते. तिचा नवरा स्टील प्लांटमधून रिटायर झालेला, त्याची वाचा गेलेली. आईशी फोनवर मी मराठीत बोललो, म्हणून तिनं माझी ओळख काढली. राहायची तिथल्याच कॅम्प-१ वस्तीत.

नवऱ्याच्या उशाशी तिनं पितळेचा बाळकृष्ण ठेवला होता. सकाळी ती त्याला पदरानं पुसायची, आपल्या चहाचा कप आधी त्याच्यापुढे धरायची आणि हळू आवाजात बोलत राहायची.

"मावशी, काय मागता त्याला?" मी एकदा विचारलं.

"मागाले तो का साहेब हाय?" नवऱ्याचं पांघरूण सारखं करत ती म्हणाली. "घरचा हाय. काल यायनं दोन चमचे पेज पेली, तेच सांगून राहिली त्याले."

मी रोज बाबांसाठी नवस बोलत होतो. त्या दिवशी देवाला नुसतं सांगितलं, की मला भीती वाटते. सांगून बरं वाटलं.

एका दुपारी तिचा नवरा गेला. ती पुष्कळ रडली. मग तोंड धुऊन आली, बाळकृष्णाला उचलून पदरात घेतलं आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, "चाल बाबू, घरी आता आपण दोघंच."