दोन पेट्या स्टील

रविवार, १३ जुलै १९८६.
हजर : मी, आई, धाकटी बहीण. बाबा बाहेरच्या खोलीत, पण दार उघडं. भाऊ अर्धा तास, चहापुरता.
काम : दोन्ही पेट्यांतली भांडी बाहेर काढणे, बिलांशी ताडून पाहणे.

वहीच्या त्या पानावर असंच लिहिलेलं आहे. ऑफिसात बैठकांची टिपणं मीच काढायची, म्हणून घरच्या कामालाही वर तारीख आणि हजेरी घालायची सवय लागली होती. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि बालाघाटला एका सरकारी कार्यालयात रोजंदारीवर टायपिस्ट होते. धाकटी एकोणीस वर्षांची. चार दिवसांपूर्वी तिला नागपूरच्या एका नर्सिंग शाळेचं पत्र आलं होतं. प्रवेशाच्या यादीत नाव लागलं आहे, अनामत आणि सहा महिन्यांचं होस्टेल मिळून पंधराशे रुपये शनिवार, २६ जुलैपर्यंत भरावेत. तिची मूळ मार्कशीट शाळेनं मुलाखतीच्या वेळीच ठेवून घेतली होती आणि तशी पावती दिली होती.

हे पैसे मी भरणार, हे आम्हा दोघींचं तीन वर्षांपासून ठरलेलं होतं. पैसे त्या दोन पेट्यांत होते. भांड्यांच्या रूपात.

त्याचं कारण सांगते. पहिल्या पगाराला मी एका बँकेत खातं उघडलं होतं. मी घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली, कारण काउंटरवरचे गृहस्थ बाबांबरोबर सकाळी फिरायला जात. वर्षभरात भावाला मलाजखंडला माल वाहायचा ठेका मिळाला, त्याला डिपॉझिट लागलं. बाबांनी पैसे काढायची स्लिप माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. मी सही केली. कोणी जबरदस्ती केली नाही, हेही नोंदवलं पाहिजे.

त्यानंतर मी भांडी घ्यायला लागले. आमच्याकडे एक रिवाज पक्का होता : पोरीच्या नावाचं भांडं घरातला पुरुष बाजारात विकायला नेत नाही. रोकड सगळ्यांची, भांडं पोरीचं. म्हणून पगार झाला की त्याच संध्याकाळी मी बाजारातल्या दुकानात जायचे, एक भांडं निवडायचे, दुकानातल्या माणसाकडून मशीननं त्यावर माझं नाव आणि तारीख घालून घ्यायचे. ताटं, वाट्या, डबे, पातेली, एकदा मोठं तपेलं. बिल वहीत चिकटवायचे. मला वाटायचं, आपण घरातल्या घरात बँक काढली.

त्या रविवारी सगळी बिलं मिळून सतराशेच्या वर गेली. भावानं दारातून जमिनीवर मांडलेली भांडी पाहिली.

"काय वं, खानावळ टाकून राह्यली का?"

"टाकली तर तुले उधार नाई देणार," धाकटी म्हणाली.

आई वाट्या एकात एक रचत होती. ती मला म्हणाली, "मी तवाच म्हनत होती, पितळ घे. तुह्या बाबाच्या आपरेशनले माह्ये पान्याचे पितळी गुंडच कामी आले. स्टीलले मोडीत कोन पुसते?"

"पितळ घासाले कोन बसते आई?" मी म्हणाले. हे मी तीन वर्षं म्हणत आले होते. त्या दिवशीही हसून म्हणाले.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर सायकलरिक्षा केली. दोन्ही पेट्या रिक्षात, धाकटी वरच्या पेटीवर छत्री धरून, मी बिलांची वही घेऊन बाजूनं चालत. सगळी भांडी ज्या दुकानातली, त्याच दुकानात गेलो. शेटजींनी ताटं उचलून पाहिली, सगळी पोत्यात घालून काट्यावर चढवली आणि म्हणाले, "साडेतीन सौ."

मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, सगळी पानं, शांतपणे.

"बहनजी, हिसाब आपका बिल्कुल सही है. पर बेचा तब बर्तन था, वापस आया तो भंगार है. और हर थाली पे आपका नाम खुदा है. ये मैं किसको दूँ?"

धाकटीनं माझी बाही ओढली. "देऊन टाक ताई. साडेतीनशे तं साडेतीनशे. बाकीचं पाहू."

मी नाही म्हणाले. सतराशेचा माल साडेतीनशेला द्यायचा, हे माझ्या हिशेबात बसेना. मी तिला सांगितलं की घाई करायची नाही, बारा दिवस आहेत, दुसरे रस्ते काढू. रिक्षा परत फिरवली.

हा निर्णय माझा होता. मी नुकसानीकडे पाहत राहिले. गरज कोणाची आहे आणि किती दिवसांची आहे, हे त्या वेळी पाहिलं नाही.

घरी येऊन दुसऱ्या रस्त्यांची यादी केली. भाऊ म्हणाला, मलाजखंडचं बिल पास झालं की पहिले पैसे तुझे. ते बिल केव्हा पास होणार हे त्यालाही माहीत नव्हतं. ऑफिसात मोठ्या बाबूंनी समजावून सांगितलं की ॲडव्हान्स पक्क्या नोकरीवाल्यांना मिळतो, रोजंदारीला नाही. परसवाड्याच्या मावशीनं निरोप पाठवला की भाताची रोवणी चालू आहे, हातात जे होतं ते मजुरीत गेलं, दिवाळीनंतर माग. तिघांच्याही नावापुढे मी बुधवारपर्यंत फुली मारली.

पण त्या रिक्षाचं वेगळंच झालं. नव्या भांड्यांच्या दोन पेट्या रिक्षातून उतरताना मोहल्ल्यानं पाहिल्या होत्या. नेताना कोणी फारसं पाहिलं नव्हतं, आणताना सगळ्यांनी पाहिलं. शेजारच्या काकू दुसऱ्याच दिवशी आल्या.

"पेढे कवा? लपवून काहून राह्यल्या?"

"कायचे पेढे बाप्पा?" आई म्हणाली.

"आमाले का डोये नाईत? भांडे तं येऊन पडले."

आईनं खरं सांगितलं नाही. घरातली पोर भांडी विकायला निघाली होती, हे सांगण्यापेक्षा गप्प राहणं तिला बरं वाटलं. काकूंनी त्या गप्प राहण्याचा अर्थ लावला. रविवारी, वीस तारखेला, त्यांच्या ओळखीतून रामपायलीकडच्या एका घरचा निरोप आला. शेती आहे, मुलगा एकुलता आहे, तुमची तयारी दिसतेच आहे तर पाहायला येतो. विचारणा माझ्यासाठी होती. मी स्वयंपाकघरात होते, बाबांचं उत्तर मला ऐकू आलं.

"मोठीची नोकरी आहे. धाकटीचं पाहू."

घराचं भाडं माझ्या पगारातून जात होतं. बाबा खोटं बोलले नाहीत.

गुरुवारी, चोवीस तारखेला, मी माझा निर्णय बदलला. साडेतीनशे तर साडेतीनशे. ऑफिसातली एक मैत्रीण दोनशे द्यायला तयार झाली. आईनं माळ्यावरून तिचा उरलेला एकमेव पितळी गुंड काढला, पदरानं पुसला आणि पेटीवर ठेवला. सगळं मिळून निम्मे जमत होते. निम्मे भरून बाकीला मुदत मागायचा अर्जही मी टाइप करून आणला होता. रिक्षा दारात उभी होती.

बाबा बाहेरच्या खोलीतून उठून आले. "पेट्या हालवाच्या नाईत."

"बाबा, परवा शेवटची तारीख हाये," धाकटी म्हणाली.

"रविवारी लोक येऊन राह्यले. भांडे तयार हायेत म्हनून त्याह्यले सांगतलं. आता का सांगू, इकले म्हनून?"

रिक्षावाला थोडा वेळ थांबला, मग गेला. बाबांनी रिवाज मोडला नाही. पोरीची भांडी त्यांनी बाजारात नेली नाहीत, आणि नेऊही दिली नाहीत. मी तीन वर्षं अशी जागा शोधली होती जिथून कोणाला काही काढता येणार नाही. ती मला सापडली होती.

अर्ज तरी पाठवावा, हे मला शनिवारी सुचलं. तेव्हा डाक निघून गेली होती.

धाकटीचं लग्न फाल्गुनात झालं. भांड्यांवरची नावं घासून काढायला दुकानदार पैसे मागत होता, बाबा म्हणाले, बहिणीचंच तर नाव आहे, राहू दे. पेट्या बैलगाडीत चढवताना धाकटी माझ्याजवळ आली. रडत नव्हती.

"आता तुह्यं नाव रोज घासीन मी," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "माही मार्कशीट तेवढी आनजो ताई. कवा कामी पडते."

"हौ," मी म्हणाले.

पुढे माझी नोकरी पक्की झाली. ऑफिसात नव्या लागलेल्या मुली आजही मला विचारतात, पैसे कशात टाकू. व्याजाचं मी सगळ्यात शेवटी सांगते. आधी विचारते, हे पैसे उद्या सकाळी लागले तर कोण देईल, किती देईल, आणि तुला घरी कोणाची परवानगी लागेल. पासबुक ऑफिसच्या कपाटात ठेव म्हणते. तोट्यात विकायची वेळ आली तर त्याच दिवशी विकून मोकळी हो, असंही सांगते. त्या ऐकून घेतात. पगाराच्या संध्याकाळी त्यातल्या बहुतेक सोनाराच्या दुकानात दिसतात, आईबरोबर.

धाकटीनं मार्कशीटचं दोनदा पत्रातून विचारलं. दुसऱ्या पत्राबरोबर शाळेची पावती आणि सही केलेला कागदही पाठवला, की माझी बहीण घेऊन जाईल, तिला द्यावी. पहिल्या वर्षी मला रजा नव्हती, रोजंदारी कापली जायची. दुसऱ्या वर्षी बाबा आजारी होते. त्यानंतरची कारणं मी लिहून ठेवलेली नाहीत. तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाही. तिच्याकडे जेवायला बसले की ताटाच्या काठावर माझं नाव असतं, आता पुसट झालेलं. ती वाढत असते, मी जेवत असते, मार्कशीटचा विषय दोघीही काढत नाही.

वर्ष संपलं की जुन्या वहीतली उरलेली कामं नव्या वहीत उतरवते. हे दर वेळी पहिलं येतं :

नागपूर, नर्सिंग शाळा. धाकटीची मार्कशीट परत आणणे. सोबत पावती आणि तिच्या सहीचा कागद, दोन्ही वहीच्या खिशात. सकाळची छोटी गाडी, गोंदियाला बदलायची. एक दिवस पुरेल.